दुसऱ्या हाताच्या आधी

वाचनालयाचा गिलावा सोलून आल्याची बातमी घरात सगळ्यांत शेवटी आप्पांना कळली, आणि तीही अर्धीच. अर्धी बातमी सांगण्यात या घराचा हात धरणारं कोणी नाही. "ओल होती म्हणे, त्यामुळे सुटला," एवढंच आई जेवताना म्हणाली आणि लगेच तिने वाढायला घेतलं.

"चुन्याला ओल काय करणार? काहीतरी दुसरंच असणार. येऊ दे तिला, बघतो मी," आप्पा म्हणाले आणि वर जाऊन आडवे झाले.

येणार होती ती छिन्नी. पुलापलीकडच्या दगडकामाच्या कारखान्याची मालकीण. वाचनालयाचा गिलावा तिच्याच माणसांनी केला होता. तोंडावर सगळे तिला ताई म्हणत. पाठीमागे छिन्नी म्हणत, आणि ते तिच्या कामावरून नव्हे, जिभेवरून.

सूनबाई खाली, घरच्या चुनाकामाच्या कारखान्याच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी, पेटीसमोर बसून होती. पेटी म्हणजे खरोखरच पत्र्याची पेटी. आत एक स्वस्तातला छोटा संगणक, बाहेर कुणाच्या तरी कचेरीतून भंगारात निघालेला मोठा पडदा. जुन्या इमारती दुरुस्त करणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडे अशा कामाला महागड्या यंत्रणा असतात, माणसं शिकवायला वेगळी माणसं असतात. इथल्या पाच लहान कारखान्यांकडे होते ते म्हातारे कारागीर, आणि त्यांच्या डोक्यातलं एकेक करून त्यांच्याबरोबर जात होतं. म्हणून सूनबाईने जुने फोन गोळा केले, प्रत्येक कारखान्यात एक ठेवला. काम करताना चित्रण करायचं, बोलायचं, पाठवायचं. अडलं की पेटीला विचारायचं, तेही आपल्याच भाषेत: 'खालून मीठ फुटतंय', 'तुळईचं टोक भुसभुशीत झालंय'. खर्च इतका थोडा की एरवी दमडी न सोडणाऱ्या छिन्नीनेही कुरकुर केली नव्हती.

पेटीतलं निम्मं आप्पांचं होतं. आणि त्यातलं सगळ्यांत जास्त पाहिलं गेलेलं चित्रण म्हणजे जुन्या टपाल कचेरीच्या भिंतीचं. चुन्याचा पहिला हात दिल्यावर दुसरा कधी द्यायचा, ते त्यात होतं. आप्पा भिंतीवर अंगठा दाबतात आणि आपल्या भरदार आवाजात सांगतात, "बघा, रुतत नाही. झाली भिंत. आता दुसरा हात."

ते चित्रण सूनबाईनेच केलं होतं. चित्रण थांबल्यावर काय झालं तेही तिला ठाऊक होतं. तिच्या नवऱ्याने, म्हणजे दादाने, आप्पांना सांगितलं की परांचीची फळी मोडलीय, आज काम होणार नाही. आप्पा घरी गेले. भिंत आणखी वाळू दिली, आणि मग आप्पा दुसऱ्या कामावर असताना दादाने तिला दुसरा हात दिला.

कारण आप्पांच्या अंगठ्याला आता काही कळत नव्हतं. आयुष्यभर चुन्याने भाजून भाजून त्याची कातडी मेली होती. हे आईला स्वयंपाकघरात कळलं, दादाला भिंतीवर कळलं, मग काकांना आणि सूनबाईला. आप्पांना कोणी सांगितलं नाही. भिंत अजून ओली असली की घरातलं कोणीतरी काहीतरी मोडायचं. कधी फळी, कधी चाळण, कधी पाण्याची मोटार. काम एकदोन दिवस पुढे ढकललं जायचं आणि भिंत नीट उभी राहायची. इतक्या वर्षांत ती कामाची रीतच होऊन बसली होती. पण पेटीत फक्त आप्पा गेले, मोडलेली फळी गेली नाही.

सूनबाईला हे तेव्हाच सुचायला हवं होतं. सुचलंही होतं. पण खाली 'यानंतर थांबा' असं लिहिलं असतं, तर आप्पांनी विचारलं असतं, का थांबा?

*

"तिची वाळू खराब असणार," काका म्हणाले. "नाचता येईना अंगण वाकडं."

काका आप्पांचे धाकटे भाऊ, घरातले सुतार. ते मागच्या दाराशी फळी तासत उभे होते, म्हणजे तासण्याचं सोंग करत होते. आई पायरीवर बसली होती. दादा नुसताच इकडून तिकडे जात होता.

"वाळू मी पाहिलीय काका," सूनबाई म्हणाली. "चांगली आहे. आपल्याच ठिकाणाहून घेतात ते."

"मग पाणी जास्त झालं असेल. तिच्या माणसांना काय कळतं चुन्यातलं? दगड फोडणारी माणसं ती."

"त्यांनी आप्पांचं बघून केलंय. भिंतीचा रंग आप्पांच्या भिंतीसारखा होईपर्यंत थांबले आणि दुसरा हात दिला. त्यांनी सांगितल्याबरहुकूम केलं, म्हणून पडलं."

आईने मान वर केली. "सूनबाई, तू आज तिला काय सांगणार आहेस?"

"उद्या त्यांना वाचनालयाच्या मंडळासमोर कारण सांगायचंय, आई. सांगता आलं नाही तर काम काढून घेतील, आणि एखादी मोठी कंपनी येऊन सगळ्या भिंती सिमेंटने थापून टाकेल. मग त्या भिंती आतून सडतील. हे आपणच लोकांना सांगत असतो ना?"

"मी विचारलं, काय सांगणार आहेस."

"वाळू खराब होती म्हणून सांग," काका म्हणाले. "तीही सुटेल, आपणही सुटू."

"आणि पुढच्या भिंतीला परत ते चित्रण बघून तेच करतील. नाहीतर बाकीचे तीन कारखाने करतील. आज भिंतच सोलून आली. उद्या छत आलं तर, आणि खाली कोणी वाचत बसलेलं असलं तर?"

"मग काढून टाक ते पेटीतून. बिघडलं म्हण. यंत्रं काय, बिघडतातच."

दादा पहिल्यांदाच थांबला. "काका, आता यंत्रंही मोडायची का आपण?"

यावर आईला हसू आलं आणि लगेच तिचे डोळेही भरले. हे सगळं सुरू तिनेच केलं होतं. तापलेलं झाकण आप्पांनी खुशाल धरलेलं तिने पाहिलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी तिनेच लेकाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, त्यांना बोलू नकोस, काहीतरी निमित्त काढ. "त्यांचा हात गेला असं त्यांना सांगितलं तर ते कशावर जगतील?" ती आताही म्हणाली. "झाकली मूठ आहे, राहू दे. एवढी वर्षं राहिली."

"आई, कोंबडं झाकलं म्हणून सूर्य उगवायचा राहतो का?" दादा म्हणाला.

"तूही तिच्या बाजूने झालास वाटतं."

"मी कुणाच्याच बाजूने नाही गं. मी थकलोय." तो खाली मान घालून म्हणाला. "प्रत्येक भिंतीपाशी मला आधी भिंत बघावी लागते, मग आप्पांचा चेहरा बघावा लागतो, मग खोटं शोधावं लागतं."

काकांनी रंधा खाली ठेवला. त्यांना दादाचा राग आला आणि लगेच नाहीसाही झाला. थकण्यात ते पोरापेक्षा मागे नव्हते. इतक्या वर्षांत त्यांच्या परांच्या जेवढ्या मोडल्या, तेवढ्या जगातल्या कुठल्या सुताराच्या मोडल्या नसतील. आप्पांनी त्यांना चारचौघांत ऐकवलं होतं की तुला साधी फळी धड बसवता येत नाही. प्रत्यक्षात काकांची एकही फळी कधी मोडली नव्हती. त्यांनी ते सगळं मुकाट्याने गिळलं होतं, आणि आज ते बाहेर आलं तर ती सगळी वर्षं फुकट गेल्यासारखी वाटणार होती. वहिनींकडे पाहून ते म्हणाले, "मी वहिनींच्या बाजूने आहे. कोणी काही बोलायचं नाही. तिला वाळू सांगायची."

असं दोन विरुद्ध दोन होऊन सगळे तोंडात मिठाची गुळणी धरून बसले, तेवढ्यात पुढच्या दाराशी गाडी थांबली.

*

छिन्नी एका पोत्यात गिलाव्याचा तुकडा घेऊन आली होती. तिने तो टेबलावर ठेवला, चहाला नको म्हणाली आणि थेट सूनबाईकडे वळली.

"मला माफी नको, भरपाई नको. भांडायला तर मुळीच आले नाही. मला एकच सांगा—"

"वाळू," काका मधेच म्हणाले. "ताई, तुमची वाळू."

"काका, वाळूचं मला शिकवू नका. मी लहानपणी वाळूतच वाढलेय."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. आप्पा उठले होते. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता, केस पाणी लावून बसवले होते. पाहुणे आपल्याला विचारायला आले आहेत, असं त्यांना वाटत होतं, आणि एका अर्थी ते खरंच होतं. आई पुढे झाली, "तुम्ही कशाला उठलात, पडा की अजून थोडं." पण आप्पांची नजर टेबलावरच्या तुकड्यावर गेली होती, आणि तिथून त्यांना हलवणं कुणालाच जमलं नसतं.

त्यांनी तो उलटा केला. उजेडाकडे धरला. मागची बाजू नाकाजवळ नेली.

"ओलीबिलीने नाही सुटलं हे," ते म्हणाले. "ही मागची बाजू बघ, कशी साबणासारखी गुळगुळीत आहे. खालच्या हाताने याला पकडलंच नाही. पहिला हात ओला असताना दुसरा चढवलाय. ताई, राग मानू नका, पण ही निव्वळ घाई आहे. तुम्हाला हे करायला सांगितलं कोणी?"

छिन्नीची जीभ, जिच्या धारेबद्दल एवढं ऐकलेलं, क्षणभर थबकली.

"तुम्ही, आप्पा," ती म्हणाली. तिने ते शक्य तितक्या हळू म्हटलं.

"मी?"

"पेटीतलं तुमचं बघून केलं. काल मी ते परत पाहिलं. मोठं करून पाहिलं." ती सूनबाईला म्हणाली, "लावता का जरा पडद्यावर?"

सूनबाईचा हात पुढे होईना. मग तिने दादाकडे पाहिलं. दादाने डोळे मिटून मान हलवली, आणि तिने ते लावलं.

फोनच्या एवढ्याशा काचेवर सगळ्यांनी ते कितीतरी वेळा पाहिलं होतं. पण तेव्हा सगळ्यांचं लक्ष आप्पांच्या बोलण्याकडे असे. मोठ्या पडद्यावर टपाल कचेरीची भिंत उभी राहिली, आप्पांचा हात आला, अंगठा टेकला आणि हळूहळू आत गेला. चांगला नखभर आत गेला. वर आप्पांचा आवाज सांगत होता, बघा, रुतत नाही. हात मागे आला तेव्हा भिंतीवर खळगा होता आणि त्यात उजेड चमकत होता.

आप्पांनी परत लावायला सांगितलं. परत पाहिलं. गिलाव्यातलं ज्याला कळतं त्याला एवढं पुरे होतं, आणि त्या खोलीत ते सगळ्यांत जास्त त्यांनाच कळत होतं.

"आप्पा, मला दोष द्यायचा नाहीये," छिन्नी म्हणाली. "मला एक कोडं पडलंय. तुमची भिंत मी काल रात्री जाऊन बघून आले. चिरासुद्धा नाही. माझी पडली. म्हणजे या चित्रणानंतर तिथे काहीतरी झालंय, आणि ते पेटीत नाही. उद्या मंडळाला मला तेच सांगायचंय. मधे काय झालं?"

"हो," आप्पा म्हणाले. ते मुलाकडे वळले. "मधे काय झालं रे?"

दादाने बायकोकडे पाहिलं. शेवटी सूनबाईच म्हणाली, "परांचीची फळी मोडली होती."

"मोडली होती?"

तिने सासूकडे पाहिलं. आई जमिनीकडे पाहत होती.

"नाही आप्पा," सूनबाई म्हणाली. "मोडली नव्हती."

आप्पा एकेक आठवून विचारल्यासारखं म्हणाले, "आणि गोदामाच्या कामावर चाळण फाटली होती ती?"

"धड होती," दादा म्हणाला.

"पाण्याची मोटार जळली होती?"

"नाही."

"शाळेच्या वेळी तुझं पोट दुखत होतं?"

"नाही आप्पा."

आप्पांनी काकांकडे पाहिलं. काका ताठ उभे होते, शिक्षा ऐकायला उभं राहावं तसे. "आणि तुझ्या फळ्या?"

"माझ्या फळ्या चांगल्या होत्या," काका म्हणाले, आणि इतक्या वर्षांनी ते म्हणताना त्यांचा आवाज फाटला. "सगळ्या."

"मी तुला काय काय बोललो."

"बोललास. जाऊ दे."

"जाऊ दे कसं? लोकांसमोर बोललो."

आईने पदर तोंडाला लावला होता. "मीच सांगितलं सगळ्यांना," ती म्हणाली. "माझ्यावर चिडा. पोरांवर नको."

पण आप्पा चिडले नाहीत. सगळ्यांना त्यांच्या चिडण्याचीच भीती होती, पण ते चिडले असते तर बरं झालं असतं, असं आता वाटलं. त्यांनी फक्त विचारलं, "मग यातल्या माझ्या भिंती कुठल्या?"

दादाने कसंबसं उत्तर दिलं, "सगळ्या तुमच्याच आहेत आप्पा. चुना तुमचा, मिश्रण तुमचं, हात लावायची रीत तुमची. आम्ही फक्त थांबलो."

"थांबणं हेच तर काम असतं यातलं," आप्पा म्हणाले आणि मागच्या दाराने बाहेर गेले.

*

मागच्या अंगणात, चुना भिजवायच्या हौदाशेजारी, नमुन्याची भिंत होती. नव्या कामासाठी आदल्या दिवशी सकाळी तिला पहिला हात दिला होता. आप्पा तिच्यासमोर उभे राहिले. मागोमाग सगळे आले, पण अंतर ठेवून. छिन्नी निघते म्हणाली. आईने तिचा हात धरून ठेवला, का ते आईलाही सांगता आलं नसतं.

आप्पांनी अंगठा टेकवला. त्यांना कळत होतं ते एवढंच, की पुढे काहीतरी आहे आणि ते हाताला अडतंय. असंच केव्हापासून वाटत होतं? आठवून पाहिलं, पण सुरुवात सापडेना. बायको गरम कप आपल्यापासून लांब का ठेवते, मुलगा आपल्यामागे भिंतीवरून हात का फिरवतो, हे त्यांनी पाहिलं नव्हतं असं नाही. पाहिलं होतं आणि त्यावर विचार केला नव्हता. घरच्यांनी जेवढं लपवलं होतं, त्यातलं थोडं त्यांनी स्वतःही लपवलं होतं. हे ध्यानात आल्यावर त्यांना लाज वाटली आणि थोडं हलकंही वाटलं.

"मला हे आधी सांगायला हवं होतंस," ते मागे न बघता मुलाला म्हणाले.

"तुम्ही ऐकलं असतं?"

आप्पांनी खरोखर विचार केला. "नाही."

मग त्यांनी सूनबाईला हाक मारली. "फोन आण."

"ते चित्रण मी काढून टाकते आप्पा," ती घाईने म्हणाली. "आत्ता काढते."

"काढायचं नाही. राहू दे तिथेच. त्याच्यापुढे हे जोड. चालू झालं?" तिने मान हलवल्यावर ते घसा साफ करून फोनकडे बघत बोलले, भर बाजारात बोलावं तसे. "वरचं जे आहे ते चुकीचं आहे. माझ्या अंगठ्याला आता कळत नाही. तुमच्या कारखान्यातही असं कोणी म्हातारं असेल, त्याला सांगून टाका. घरात लपवलं तर घरात राहतं. यात लपवलं तर दुसऱ्याची भिंत पडते."

काकांनी तोंड फिरवलं. छिन्नी हौदातल्या पाण्याकडे बघू लागली.

"आता तू," आप्पा दादाला म्हणाले. "तू कसं ओळखतोस ते सांग."

"मी काय वेगळं सांगणार? तुम्हीच शिकवलंय."

"मी अंगठा शिकवला. तू अंगठ्यावर गेला असतास तर तुझ्याही भिंती पडल्या असत्या. मला चुकवून तू काहीतरी दुसरं शोधलंयस. ते काय आहे?"

दादा फोनसमोर आला. त्याने पालथा हात भिंतीला लावला, मग नख हलकेच ओढलं, मग वाकून तिरप्या उजेडात पाहिलं. हे सगळं तो वर्षानुवर्षं आप्पांच्या पाठीमागे, चोरून करत आला होता. ते शब्दांत कधी मांडलंच नव्हतं, त्यामुळे शब्द अडखळत होते. "आप्पा म्हणतात की... म्हणजे आप्पांची रीत अशी की..."

"आप्पा म्हणतात नको," आप्पा म्हणाले. "तू काय म्हणतोस?"

दादा थांबला. परत हात पालथा लावला. "पालथ्या हाताला गार लागतं, म्हणजे आत पाणी आहे," तो सावकाश म्हणाला. "नख ओढलं तर पांढरी भुकटी पडायला हवी. इथे नुसती रेघ उठतेय, आणि रेघेच्या कडा चकाकतायत."

"हे असं मंडळाला दाखवता येईल मला," छिन्नी पुटपुटली. "उद्या येशील तू माझ्याबरोबर?"

दादाने सवयीने वडिलांकडे पाहिलं. आप्पा भिंतीकडेच बघत होते. त्यांनी पुन्हा एकदा आपला अंगठा भिंतीवर टेकवला, चांगला दाबला.

"मला विचारशील तर झालीय ही," ते म्हणाले. "दुसरा हात द्यायला हरकत नाही."

काकांच्या ओठांवर, इतक्या वर्षांच्या सवयीने, फळीचं काहीतरी आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"नाही आप्पा," दादा म्हणाला. "अजून ओली आहे. आज द्यायचा नाही."

भिंतीसमोर उभं राहून आप्पांना नाही म्हणणारं त्या घरात आजवर कोणी झालं नव्हतं. आप्पांनी हात खाली घेतला. मग ते एक पाऊल बाजूला सरकले आणि भिंतीसमोरची जागा त्यांनी मुलाला दिली.